धाकट्या संघांचे शिक्षक

बेसबॉल या अमेरिकन खेळांत एक चाल अशी आहे कीं, परक्या प्रेक्षकाला ती प्रथमदर्शनीं विचित्र वाटते. संघाला शिकविणारा माणूस पन्नाशीचा असो कीं साठीचा, त्याचे केस पांढरे झालेले असोत कीं पोट सुटलेलें असो, तो मैदानावर येतो तो खेळाडूंचाच पोषाख अंगावर चढवून. फुटबॉलचा शिक्षक आपल्या नेहमींच्या कपड्यांत बाजूला उभा राहतो. क्रिकेटचा शिक्षक तंबूंत बसून राहतो. बेसबॉलचा शिक्षक मात्र विद्यार्थ्यांचा गणवेष घालतो, पाठीवर त्यांच्यासारखाच आंकडा लावतो आणि खेळ चालू असतां धांवणाऱ्याच्या वाटेशेजारीं जाऊन उभा राहतो. या चालीचें मूळ खेळाच्या इतिहासांत आहे. आरंभींच्या काळांत शिक्षक म्हणून निराळा माणूस बहुधा नसे. संघांतला एखादा वडील खेळाडूच इतरांना चालवीत असे. पुढें हात थकले, पाय जड झाले, खेळणें सुटलें. पण अंगावरचें वस्त्र तसेंच राहिलें.

हा गणवेष घालणाऱ्यांपैकीं ज्यांचीं नांवें जगाला ठाऊक होतात ते थोडे. बाकीचे लहान लहान गांवांत, कांहीं थोड्या हजार प्रेक्षकांसमोर, हंगामामागून हंगाम काढतात. ते कोणत्या वाटेनें चढले, कोठें थांबले व कां थांबले, हा इतिहास पाहण्याजोगा आहे. तो एका खेळाचा इतिहास खरा, पण त्याबरोबरच शिकविण्याच्या धंद्याचाहि तो इतिहास आहे.

प्रथम या खेळाची व्यवस्था थोडक्यांत ध्यानीं घेतली पाहिजे. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा मोठ्या शहरांतले जे तीस संघ आहेत त्यांना मेजर लीगचे, म्हणजे थोरले संघ म्हणतात. त्यांच्या खालीं मायनर लीगचे, म्हणजे धाकटे संघ आहेत. धाकट्यांत पायऱ्या आहेत. सर्वांत वरची ट्रिपल-ए, तिच्या खालीं डबल-ए, आणि तिच्या खालीं ए वर्गाचे दोन दर्जे. शाळेंतून नुकताच बाहेर पडलेला अठरा वर्षांचा मुलगा खालच्या पायरीवर पाऊल ठेवतो. त्याच्यांत गुण असले तर वर्षादोन वर्षांनीं एकेक पायरी चढतो. बहुतेक मुलें मात्र वाटेंतच गळतात. प्रत्येक संघाचा एक मॅनेजर असतो. हा कचेरींतला व्यवस्थापक नव्हे. कोणी खेळावें, कोणी बसावें, चेंडू कोणी फेंकावा, धांवणाऱ्यानें केव्हां धांवावें, हें सारें तो ठरवितो. त्याच्या हाताखालीं जे असतात ते कोच. त्यांपैकीं एक चेंडू फेंकणाऱ्यांना शिकवितो, दुसरा फलंदाजांना.

धाकट्या संघांची रीतसर संघटना झाली ती १९०१ सालीं, शिकागो येथें. त्या काळीं हे संघ स्वतंत्र असत. संघ गांवाचा, मालक गांवांतला, आणि मॅनेजर मालकानें नेमलेला. त्याच्याकडून अपेक्षा एकच, ती म्हणजे शेजारच्या गांवाला हरवावें व तिकिटें खपावीं. हा मॅनेजर पुष्कळदां स्वतः खेळतहि असे. तो खेळाडू शोधी, त्यांना खेळवी, प्रवासाची व्यवस्था पाही आणि एखादा मुलगा चांगला निघाला तर मालक त्याला थोरल्या संघाला विकून हंगामाचा तोटा भरून काढी. शिकविणें हें या कामांत ओघानें येई. त्यासाठीं निराळा पगार नव्हता आणि निराळा मानहि नव्हता. हंगाम वाईट गेला कीं मॅनेजर जाई आणि पुढच्या वसंतांत दुसऱ्या गांवीं नोकरी शोधी.

या स्थितींत पालट घडवून आणला तो ब्रँच रिकी यांनीं. सेंट लुई येथील कार्डिनल्स या संघाचा कारभार त्यांच्याकडे होता आणि तो संघ श्रीमंत नव्हता. तयार खेळाडू विकत घेण्याच्या चढाओढींत न्यूयॉर्कच्या संघांपुढें त्याचा टिकाव लागत नसे. तेव्हां रिकी यांनीं विचार केला कीं, पीक विकत घेण्याऐवजीं शेतच आपलें असावें. १९२० च्या सुमारास त्यांनीं धाकट्या संघांत भागीदारी घेण्यास सुरुवात केली. १९२६ सालीं कार्डिनल्सनीं अजिंक्यपद मिळविलें. आणि १९४० च्या सुमारास त्यांच्या ताब्यांत तीसांहून अधिक धाकटे संघ होते. ही पद्धति सर्वांना मान्य होती असें नाहीं. बेसबॉलचे तत्कालीन कमिशनर न्यायमूर्ति लँडिस यांना ती खेळाडूंना अडकवून ठेवणारी वाटे, आणि १९३८ सालीं त्यांनीं कार्डिनल्सच्या सत्तरांहून अधिक होतकरू खेळाडूंना बंधमुक्त केलें. तरीहि इतर थोरल्या संघांनीं रिकी यांचाच कित्ता गिरविला.

या पद्धतीनें खेळाडूंचें काय झालें हें पुष्कळांनीं लिहिलें आहे. शिक्षकांचें काय झालें तें फारसें कोणी पाहत नाहीं. धाकट्या संघाच्या मॅनेजरचा धनी बदलला. आतां त्याला गांवच्या मालकाच्या मर्जीबरोबर दूरच्या शहरांतल्या थोरल्या संघाची मर्जी सांभाळावयाची होती. पुढें पुढें तर त्याचा पगारहि तेथूनच येऊं लागला. थोरल्या संघाला खालच्या गांवाचा विजय नको होता, त्याला तयार खेळाडू हवा होता. मॅनेजरनें जुलै महिन्यापर्यंत एखाद्या मुलाला घडवून उत्तम फलंदाज करावें, आणि संघ पहिल्या स्थानाच्या जवळ आला असतांना नेमका तोच मुलगा वरून तार येऊन उचलला जावा, असें वारंवार होऊं लागलें. जो शिक्षक चांगला, त्याचा वर्ग लवकर रिकामा. हरलेल्या सामन्यांची संख्या मात्र त्याच्याच नांवावर जमा व्हावयाची. या धंद्यांतली ही मूळची अडचण आहे आणि ती आजपर्यंत सुटलेली नाहीं.

रिकी यांच्या पद्धतीनें एक वाटहि उघडली. ज्याला थोरल्या संघांत खेळतां आलें नाहीं त्यालाहि शिक्षक म्हणून पायरीपायरीनें वर येण्याची संधि मिळाली. वॉल्टर ऑल्स्टन यांचें चरित्र याचा उत्तम दाखला आहे. थोरल्या संघांतलें त्यांचें सारें खेळाडू-जीवन एका सामन्यापुरतें होतें. १९३६ सालीं हंगामाच्या शेवटच्या दिवशीं ते कार्डिनल्सकडून मैदानांत उतरले, एकदां फलंदाजीस गेले आणि बाद झाले. पदवीधर असल्यामुळें हिवाळ्यांत ते ओहायो राज्यांतील शाळांत शिकवीत आणि उन्हाळ्यांत धाकट्या संघांना चालवीत. १९४० सालीं ते पोर्ट्समथ येथें मॅनेजर झाले. १९४४ सालीं त्यांची खेळाडू म्हणून गरज उरली नाहीं, तेव्हां रिकी यांनीं, जे त्या वेळीं ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाचे चालक होते, त्यांना ट्रेंटन येथें पाठविलें. तेथून नॅशुआ, पुढें सेंट पॉल, पुढें मॉन्ट्रियल असा प्रवास झाला. १९५४ च्या हंगामासाठीं ब्रुकलिननें त्यांना बोलावलें तेव्हां न्यूयॉर्कमधल्या सामान्य प्रेक्षकाला हें नांव अपरिचित होतें. परंतु संघांतल्या कित्येक खेळाडूंना तें चांगलें ठाऊक होतें, कारण खालच्या पायऱ्यांवर त्यांनीं त्यांच्याच हाताखालीं धडे घेतले होते. दुसऱ्याच वर्षीं, १९५५ सालीं, ब्रुकलिनला त्याच्या इतिहासांतलें पहिलें आणि एकमेव अजिंक्यपद मिळालें. ऑल्स्टन यांनीं तेवीस वर्षें तें पद सांभाळलें, आणि दरवर्षीं करार केला तो एकाच वर्षाचा. शाळामास्तराची हंगामी नेमणूक दरसाल पुढें चालू राहावी तशी ती नोकरी होती. दोन हजार चाळीस विजय त्यांच्या नांवावर आहेत.

ऑल्स्टन यांच्यासारख्यांच्या यशामुळें मोठ्या संघांना एक गोष्ट उमगली. खालच्या पायरीपासून वरच्या पायरीपर्यंत शिकविण्याची रीत एक असेल तर विद्यार्थ्याला प्रत्येक वर्षीं नवा धडा गिरवावा लागत नाहीं. १९४८ सालापासून डॉजर्सनीं फ्लॉरिडांतील व्हेरो बीच येथें, युद्धकाळांतल्या नौदलाच्या विमानतळावर, वसंतऋतूची शाळाच भरविली. तेथें शेंकडों होतकरू खेळाडू एकत्र येत. धाकट्या संघांचे मॅनेजरहि तेथें जमत, आणि चेंडू कसा पकडावा इथपासून तळाकडे कसें धांवावें इथपर्यंत एकच पाठ सर्वांनीं घ्यावयाचा असे ठरे. शिक्षकांचें शिक्षण तेथेंच होई.

अशीच शिस्त बाल्टिमोरच्या ओरिओल्स संघानें लावली, आणि तिच्याशीं दोन नांवें जोडलीं गेलीं आहेत. अर्ल वीव्हर हे थोरल्या संघांत एकहि सामना खेळले नाहींत. १९५६ पासून १९६७ पर्यंत बारा हंगाम त्यांनीं खालच्या गांवांत काढले. नॉक्सव्हिल, फिट्झजेरल्ड, डब्लिन, अॅबर्डीन, फॉक्स सिटीज, एल्मायरा, रॉचेस्टर. या यादींत दक्षिणेकडलीं खेडेगांवें आहेत, उत्तरेकडील गारठ्याचीं गांवें आहेत आणि शेवटीं ट्रिपल-ए वर्गाचें शहर आहे. १९६८ सालीं ते बाल्टिमोरला कोच म्हणून आले आणि त्याच उन्हाळ्यांत मॅनेजर झाले. १९७० सालीं अजिंक्यपद, आणि १९९६ सालीं कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत स्थान. शिडीच्या तळापासून माथ्यापर्यंतची ही संपूर्ण चढण.

दुसरे कॅल रिपकेन. ते यष्टिरक्षकासारखें काम करणारे, म्हणजे कॅचर होते. खांदा दुखावला आणि खेळण्याची आशा संपली. १९६१ सालीं फ्लॉरिडांतील लीसबर्ग येथें ते मॅनेजर झाले व १९७४ पर्यंत गांवामागून गांवें करीत राहिले. त्या काळांत धाकट्या संघाला दुसरा शिक्षक बहुधा नसे. सरावाला चेंडू फेंकावयाचे ते मॅनेजरनेंच, खेळ चालू असतां तिसऱ्या बेसपाशीं उभें राहून खुणा करावयाच्या त्याहि त्यानेंच. रिपकेन तर वेळप्रसंगीं संघाची बससुद्धां हांकीत. शाळा सुटली कीं बायकामुलांनीं सामान बांधावें, त्या वर्षींच्या गांवीं भाड्याचें घर घ्यावें आणि पानगळीच्या सुमारास परत फिरावें, असा त्यांच्या घरचा क्रम होता. १९६४ सालीं अॅबर्डीन येथें त्यांच्या हाताखालीं चेंडू फेंकणारा जिम पामर हा मुलगा पुढें कीर्तिमंदिरांत जाऊन बसला. स्वतः रिपकेन १९७६ सालीं बाल्टिमोरचे कोच झाले, पण मॅनेजरपद त्यांच्या हातीं आलें तें १९८७ सालीं, जेव्हां संघ उतरणीला लागला होता. त्यांचे दोन मुलगे तेव्हां त्यांच्याच संघांत खेळत होते. पुढच्या हंगामाचे पहिले सहा सामने हरल्यावर त्यांना पदावरून दूर करण्यांत आलें. सव्वीस वर्षांच्या उमेदवारीनंतर मिळालेली गादी एका हंगामांत आणि सहा सामन्यांत गेली. संघ त्यांच्या जाण्यानंतरहि हरतच राहिला, आणि ओळीनें एकवीस सामने हरल्यावर थांबला.

दैव, गुण आणि वेळ यांचा हा खेळ एका जागीं सर्वांत स्पष्ट दिसतो. न्यू मेक्सिको राज्यांत अल्बुकर्की नांवाचें शहर आहे. तेथें डॉजर्सचा ट्रिपल-ए वर्गाचा संघ असे. १९७२ सालीं त्याचे मॅनेजर होते टॉमी लासोर्डा. हे डावखुरे चेंडू फेंकणारे. थोरल्या संघांत त्यांना एकहि विजय मिळाला नव्हता, आणि १९५५ सालीं सँडी कोफॅक्स या नवख्या मुलाला जागा करून देण्यासाठीं त्यांना खालीं पाठविण्यांत आलें होतें. १९६५ सालीं ते पोकाटेलो येथें अगदीं तळाच्या वर्गांत मॅनेजर झाले. तेथून ऑग्डेन, स्पोकेन, अल्बुकर्की. या वाटेवर गार्व्ही, लोप्स, रसेल व सेय हे चौघे त्यांच्या हाताखालून गेले. पुढें हेच चौघे आठ वर्षांहून अधिक काळ लॉस एंजेलिसच्या संघाची आंतली फळी होऊन राहिले. १९७३ सालीं लासोर्डा वर गेले आणि १९७६ च्या अखेरीस ऑल्स्टन यांच्या जागेवर बसले. पुढें दोन वेळां त्यांनीं अजिंक्यपद मिळविलें.

लासोर्डा उठले तेव्हां अल्बुकर्कीच्या त्या खुर्चीवर बसले ते स्टॅन वॉसिअक. यांनीं पहिला संघ चालविला तो १९५० सालीं, जॉर्जिया राज्यांतल्या व्हाल्डोस्टा या गांवीं. थोरल्या संघांत ते कधीं खेळले नाहींत. अल्बुकर्कीला ते चार हंगाम होते. थोरलें मैदान तेथून एकाच पायरीवर होतें. पण वरून बोलावणें आलें नाहीं, आणि त्यानंतर ते पुन्हां खालच्या वर्गाच्या संघांकडे वळले. १९८६ सालीं ते थांबले तेव्हां ओळीनें सदतीस हंगाम झाले होते. त्यांच्या संघांनीं जिंकलेले सामने दोन हजार पांचशें तीस. ऑल्स्टन यांच्या विजयांपेक्षां हा आंकडा जवळ जवळ पांचशेंनीं अधिक आहे. फरक इतकाच कीं, ऑल्स्टन यांचे आंकडे कूपर्सटाउनच्या भिंतीवर आहेत आणि वॉसिअक यांचे धाकट्या संघांच्या नोंदवह्यांत. त्यांच्या हाताखालून गेलेलीं मुलें मात्र मोठ्या मैदानांवर खेळलीं.

अशीं माणसें पुष्कळ कां थांबलीं, याचें एक कारण साध्या हिशेबांत आहे. १९४९ हें धाकट्या संघांच्या भरभराटीचें वर्ष. त्या वर्षीं एकोणसाठ लीगा होत्या आणि चारशेंहून अधिक संघ. म्हणजे तितकेच मॅनेजर. थोरले संघ तेव्हां होते सोळा. वरच्या सोळा खुर्च्यांकडे चारशें माणसें पाहत होतीं. पुढें घरोघर टेलिव्हिजन आला, थोरल्या संघांचे सामने बैठकींत दिसूं लागले, गांवच्या मैदानावरची गर्दी ओसरली आणि लीगामागून लीगा बंद पडल्या. १९६३ सालच्या पुनर्रचनेंत बी, सी, डी हे जुने खालचे वर्ग काढून टाकण्यांत आले. वर जाण्याची वाट अरुंद होतीच, आतां प्रवेशाचें दारहि अरुंद झालें. या आकुंचनांतून एकच भलें निघालें. जे संघ उरले त्यांच्यावर थोरले संघ अधिक खर्च करूं लागले, आणि मॅनेजरच्या जोडीला चेंडू फेंकणाऱ्यांचा निराळा शिक्षक, पुढें फलंदाजांचाहि निराळा शिक्षक येऊं लागला. एकट्या गुरुजींची शाळा जाऊन तेथें दोन-तीन शिक्षकांची शाळा झाली.

शिडी अरुंद होती, आणि तिच्यावर पाय ठेवण्याची मुभा सर्वांना नव्हती. १९४६ सालीं नॅशुआच्या संघांत रॉय कँपानेला व डॉन न्यूकम हे दोन काळे खेळाडू होते. एका सामन्यांत पंचांनीं ऑल्स्टन यांना मैदानाबाहेर काढलें, तेव्हां त्यांनीं संघ कँपानेला यांच्या हातीं सोंपविला आणि संघानें तो सामना जिंकला. काळ्या माणसानें गोऱ्यांच्या संघाला हुकूम द्यावा, ही गोष्ट त्या एका दिवसापुरती घडली आणि कांहीं आकाश कोसळलें नाहीं. तरी रीतसर नेमणूक होण्यास काळ लागला. १९५१ सालीं कॅनडांतील फार्नम येथें सॅम बँकहेड मॅनेजर झाले. अमेरिकेंत थोरल्या संघाशीं जोडलेल्या धाकट्या संघाचें मॅनेजरपद काळ्या माणसाला मिळालें तें १९६१ सालीं, बटाव्हिया येथें, जीन बेकर यांना.

त्याच सुमारास शिकागोच्या कब्स संघाच्या मालकानें एक अजब प्रयोग केला. मॅनेजर हें पदच त्यानें रद्द केलें आणि कोचांचें एक मंडळ नेमलें. त्या मंडळांतल्या माणसांनीं पाळीपाळीनें थोरला संघ चालवावा आणि पाळीपाळीनें धाकट्या संघांकडे जाऊन शिकवावें, अशी योजना होती. कल्पना वाईट नव्हती, कारण तिनें वरचा आणि खालचा शिक्षक यांतलें अंतर मिटणार होतें. पण विद्यार्थ्यांना दर कांहीं आठवड्यांनीं नवा गुरु आणि नवी रीत मिळूं लागली. १९६२ सालीं कब्स एकशें तीन सामने हरले. त्याच वर्षीं त्या संघानें बक ओ'नील यांना कोच नेमलें. थोरल्या संघाचे ते पहिले काळे कोच. काळ्या खेळाडूंच्या लीगमध्यें त्यांनीं कॅन्सस सिटीचा संघ आठ वर्षें चालविला होता; अनुभवानें ते त्या मंडळांत कोणाला उणे नव्हते. तरी संघ चालविण्याची पाळी त्यांच्यावर कधीं आली नाहीं, आणि खेळ चालू असतां बेसपाशीं उभें राहण्याचें कामहि त्यांना मिळालें नाहीं. थोरल्या संघाला काळा मॅनेजर मिळाला तो १९७५ सालीं, फ्रँक रॉबिन्सन यांच्या रूपानें. जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानांत उतरले त्याला तेव्हां अठ्ठावीस वर्षें झालीं होतीं. डोमिनिकन देशांतून आलेले फेलिपे अलू यांनीं मॉन्ट्रियलच्या धाकट्या संघांत वर्षानुवर्षें काम केलें. १९९२ सालीं थोरला संघ त्यांच्या हातीं आला तेव्हां ते सत्तावन्न वर्षांचे होते.

शिक्षकाच्या नोकरींत धोका असतो असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. माइक कूलबॉ यांनीं १९९० सालीं, अठराव्या वर्षीं, या शिडीवर पाऊल ठेवलें. सतरा हंगाम ते खेळले. त्यांत थोरल्या संघांत मिळालेले सामने अवघे चव्वेचाळीस. खेळणें संपल्यावर २००७ च्या जुलै महिन्याच्या आरंभीं टल्सा येथील डबल-ए वर्गाच्या संघानें त्यांना फलंदाजांचे शिक्षक म्हणून घेतलें. त्यांना दोन लहान मुलगे होते, आणि वडिलांना पुन्हां गणवेषांत पाहावें ही त्यांचीच हौस होती. २२ जुलै रोजीं आर्कान्सा राज्यांत नॉर्थ लिटल रॉक येथें सामना चालू असतां ते पहिल्या बेसपाशीं आपल्या जागेवर उभे होते. फलंदाजानें मारलेला एक जोराचा चेंडू सरळ त्यांच्या मानेवर बसला आणि त्यांतच त्यांचा अंत झाला. वय पस्तीस, नोकरीला तीन आठवडेहि पुरे झाले नव्हते. त्यांच्या मागें पत्नी, दोन मुलगे आणि जन्माला यावयाचें एक मूल होतें. ज्या थोरल्या संघाच्या शाखेंत ते शिकवीत होते, त्या कोलोरॅडोच्या खेळाडूंनीं त्या वर्षीं आपल्याला मिळालेल्या बक्षिसाच्या रकमेंतला एक पूर्ण वांटा त्यांच्या पत्नीला दिला. २००८ पासून बेसपाशीं उभ्या राहणाऱ्या प्रत्येक कोचनें डोक्यावर टोप घातलाच पाहिजे असा नियम झाला. आज थोरल्या मैदानावरच्या नामांकित कोचाच्या डोक्यावर जो टोप दिसतो, तो एका धाकट्या संघाच्या शिक्षकाच्या मृत्यूनें तेथें आणून ठेवला आहे.

अलीकडच्या वर्षांत या वाटेचें रूप पुन्हां पालटलें. चेंडू किती वेगानें गेला, हवेंत किती वेळां फिरला, फळी कोणत्या कोनांत आली, हें मोजणारीं यंत्रें आलीं. त्यांच्याबरोबर शरीरशास्त्र व गणित जाणणारी, पण वरच्या दर्जाचा बेसबॉल कधीं न खेळलेली माणसें शिक्षक होऊं लागलीं. याच दारानें स्त्रियांचाहि प्रवेश झाला. रेचल बाल्कोव्हेक या व्यायामशिक्षिका म्हणून या क्षेत्रांत आल्या. अर्जावर स्त्रीचें नांव पाहून उत्तर येत नाहीं असें दिसल्यावर त्यांनीं नांव आंखूड करून अर्ज पाठविले, असें त्यांनीं स्वतः सांगितलें आहे. २०२२ सालीं त्या टँपा येथील ए वर्गाच्या संघाच्या मॅनेजर झाल्या. थोरल्या संघाशीं जोडलेल्या धाकट्या संघाच्या त्या पहिल्या स्त्री मॅनेजर. २०२४ सालीं त्या मायामीच्या संघांत खेळाडू घडविण्याच्या खात्याच्या प्रमुख झाल्या.

दाराशीं नवीं माणसें आलीं, पण घर मात्र लहान झालें. २०२० चा हंगाम साथीमुळें झालाच नाहीं, आणि २०२१ सालीं थोरल्या संघांनीं सारी व्यवस्था आपल्या हातीं घेऊन जोडलेल्या संघांची संख्या एकशें साठांवरून एकशें वीसांवर आणली. प्रत्येक थोरल्या संघाला चार धाकटे. पुढें २०२३ सालीं धाकट्या संघांच्या खेळाडूंना त्यांच्या संघटनेमार्फत पहिला सामुदायिक करार मिळाला आणि त्यांचें वेतन वाढलें. हा न्याय उशिरां झाला तरी झाला. पण तो करार विद्यार्थ्यांचा होता. गुरुजींची नोकरी पूर्वींप्रमाणेंच वर्षाच्या मुदतीवर व वरच्या मर्जीवर उरली.

तरीहि हीं माणसें या वाटेवर कां राहतात, याचें उत्तर ब्रायन स्निटकर यांच्या चरित्रांत सांपडतें. १९७७ सालीं ते अटलांटाच्या ब्रेव्हज संघाच्या शाखेंत खेळाडू म्हणून आले. तीन वर्षांत कळून चुकलें कीं खेळाडू म्हणून पुढें वाट नाहीं. त्या वेळीं धाकट्या संघांचा कारभार थोर खेळाडू हँक आरन यांच्याकडे होता. त्यांनीं स्निटकर यांना शिकविण्याचें काम दिलें, आणि १९८२ सालीं ते मॅनेजर झाले. त्यानंतर त्यांना वर बोलावलें आणि खालीं पाठविलें असें एकाहून अधिक वेळां घडलें. सात हंगाम थोरल्या संघांत तिसऱ्या बेसपाशीं उभे राहिल्यावर २०१४ सालीं त्यांना पुन्हां धाकट्या संघाकडे जावें लागलें. अशा वेळीं पुष्कळांनीं राजीनामा दिला असता. ते गेले आणि शिकवूं लागले. २०१६ सालीं, साठाव्या वर्षीं, थोरला संघ त्यांच्या स्वाधीन करण्यांत आला, आणि २०२१ सालीं त्या संघानें अजिंक्यपद मिळविलें.

अशी चरित्रें सांगितलीं जातात तीं शेवट गोड झाला म्हणून. वॉसिअक यांच्या बाबतींत तसा शेवट झाला नाहीं, रिपकेन यांच्या बाबतींत झाला आणि लगेच हातचा गेला, कूलबॉ यांना तर आरंभच मिळाला नाहीं. परंतु ऑग्डेनच्या आणि अॅबर्डीनच्या मैदानांवर सकाळच्या उन्हांत या माणसांनीं जें काम केलें तें सर्वांचें एकच होतें. अठरा वर्षांच्या मुलाच्या हाताला हात लावून फळी कशी धरावी हें दाखवावयाचें, तो चुकला तर पुन्हां दाखवावयाचें, आणि त्याला तें साधलें कीं दुसऱ्या दिवशीं त्याची बॅग मोटारींत ठेवून त्याला निरोप द्यावयाचा. मोठ्या शहरांतल्या मैदानावर त्या मुलाचें नांव पुकारलें जातें तेव्हां त्याचा पहिला शिक्षक बहुधा कोठल्या तरी लहान गांवीं असतो, आणि दुसऱ्या एका मुलाला तोच धडा पहिल्यापासून देत असतो.